‘डिझाइन पेंडिंग’ची लाल पट्टी दर स्प्रिंटला का लागते

सॉफ्टवेअर टीममधला सोमवारचा स्टँडअप, म्हणजे रोजची उभ्याउभ्या होणारी छोटी बैठक. काम चालतं दोन-दोन आठवड्यांच्या फेऱ्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये. बोर्डवर चार तिकिटांना (एकेका कामाच्या नोंदींना) लाल पट्टी, आणि चारही पट्ट्यांवर एकच मजकूर: डिझाइन पेंडिंग. डेव्हलपर म्हणतो, "स्क्रीन आली की लगेच घेतो." डिझायनर म्हणते, "स्क्रीन गुरुवारीच दिली होती, पण काल पीओंनी त्यात बदल सांगितला." पीओ, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणारे प्रॉडक्ट ओनर, म्हणतात, "बदल कुठला? मी पहिल्यापासून हेच सांगतोय." क्यूए, म्हणजे झालेलं काम तपासणारी, काहीच बोलत नाही, कारण हे सगळं शेवटी शुक्रवारी संध्याकाळी आपल्याच टेबलावर येऊन पडणार हे तिला ठाऊक असतं. दोन आठवड्यांनी रेट्रो, म्हणजे झालेल्या स्प्रिंटची उजळणी. भिंतीवर पिवळी चिठ्ठी लागते: ‘डिझाइन वेळेवर मिळावं.’ सगळे माना डोलावतात, चहा होतो. पुढच्या सोमवारी पुन्हा चार लाल पट्ट्या.

पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत ज्यांच्याशी या विषयावर बोललो, त्यांच्याकडे थोड्याफार फरकाने हाच आजार निघाला. आमच्या टीमने जवळजवळ वर्षभर त्यावर चुकीची औषधं घेतली. त्यातली दोन मीच लिहून दिली होती, तेव्हा हे लिहायचा थोडा हक्क माझ्याकडे आहे.

आमचं ऑफिस बाणेरला. टीम आठ जणांची: चार डेव्हलपर, दोन क्यूए, एक पीओ आणि लीड म्हणून मी. डिझायनर एकच, तीही तीन टीममध्ये वाटलेली. प्रॉडक्ट म्हणजे आडत्यांसाठीचं मोबाइल ॲप. माल आला, वजन झालं, विकला गेला की शेतकऱ्याची हिशेबपट्टी तयार. वापरणारे म्हणजे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भल्या पहाटे गाळ्यावर बसणारे दिवाणजी. बाणेरहून गुलटेकडी काही परमुलखात नाही, पण पहिले पाच महिने आमच्यातलं कुणीही तिकडे फिरकलं नव्हतं. क्लायंटने पाठवलेल्या जुन्या पट्टीचे फोटो बघून आम्ही स्क्रीन काढत होतो.

आधी हे तपासा: तिकीट कशासाठी थांबलंय?

‘डिझाइन पेंडिंग’ हा ताप आहे, आणि ताप काय, दहा रोगांत येतो. म्हणून पहिलं काम असं करा. गेल्या तीन-चार स्प्रिंटमधली अशी अडकलेली सगळी तिकिटं काढा आणि प्रत्येकापुढे एकच ओळ लिहा: हे तिकीट कुणाकडून, नेमकं काय मिळायची वाट बघत होतं? ‘डिझाइनची’ हे उत्तर बाद. आम्ही एका शुक्रवारी दुपारी बाकरवडीचा पुडा फोडून हे केलं. तासाभरात काम झालं आणि बऱ्याच जणांचे चेहरे पडले.

चित्र काढायचं राहिलं म्हणून थांबलेली तिकिटं अगदी थोडी निघाली. बाकीच्यांचे तीन ढीग झाले.

सर्वांत मोठ्या ढिगात निर्णयच झालेला नव्हता. चुकलेली पट्टी दुरुस्त करायची, की रद्द करून नवी फाडायची? हा धंद्याचा प्रश्न. तो कुणी कुणाला विचारलाच नव्हता. डिझायनरने बिचारीने दोन्ही तऱ्हेच्या स्क्रीन काढून ठेवल्या होत्या, आणि पीओ त्यातली ‘दिसायला बरी’ निवडत बसले होते.

दुसऱ्या ढिगात चित्र तयार होतं, पण बांधता येत नव्हतं. वर कोपऱ्यात चालू बेरीज दाखवायची होती आणि ती ज्या आकड्यांवरून काढायची ते सर्व्हरकडून तसे येतच नव्हते. डेव्हलपरला हे प्लॅनिंगच्या दिवशी कळलं.

तिसरा ढीग सर्वांत महाग. तिथे काही अडलंच नव्हतं! चित्र वेळेवर, कोड वेळेवर, डेमो झकास. फक्त गाळ्यावर कुणी वापरेना. मग तेच काम ‘डिझाइनमधला बदल’ असं नाव घेऊन दोन महिन्यांनी परत आलं.

प्रत्येक ढिगाचं औषध वेगळं आहे, आणि लोक नेमकी इथेच गल्लत करतात. पहिल्या ढिगावर आणखी एक डिझायनर आणला तर तो फार तर तिसरी स्क्रीन काढून देईल. तेव्हा ही यादी केल्याशिवाय खालचं काही करायला घेऊ नका.

वजनाच्या स्क्रीनचं काय झालं

तिसरा ढीग कसा तयार होतो ते जरा जवळून सांगतो.

वजनाच्या स्क्रीनची पहिली आवृत्ती अशी होती: एका गोणीचं वजन टाका, ‘सेव्ह’ दाबा, खालच्या यादीत ती गोणी दिसेल, मग पुढची. फिग्मात, म्हणजे स्क्रीन काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फार सुबक दिसायचं. नमुन्याला तीन गोण्या घेतल्या होत्या: ५०, ५०, ५०.

आम्ही पहिल्यांदा यार्डात गेलो तो मंगळवार होता, पहाटे पाचचा सुमार. (रविवारी जाऊ नका. आवक मोठी असते, कुणाला मान वर करायला फुरसत नसते.) कांद्याच्या गाळ्यावर काट्यापाशी उभा असलेला माणूस ओरडत होता, "बावन्न! साडेएकोणपन्नास! एक्कावन्न! पन्नास!" आणि दिवाणजी काका मान खाली घालून वहीत उभा रकाना भरत होते. दोन वजनांच्या मध्ये जेमतेम दोन-तीन सेकंद. लॉट संपला की खाली रेघ, आणि बेरीज तोंडी. आमच्या ॲपमध्ये चाळीस गोण्यांना चाळीस वेळा ‘सेव्ह’, आणि दर ‘सेव्ह’नंतर ते गोल चक्र फिरणार. काकांनी पाच गोण्यांपर्यंत आमचं मन राखलं. सहाव्या गोणीला फोन गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, तुमचं मशिन माझ्यापेक्षा हळू लिहितंय."

माझ्याबरोबर आमचा अँड्रॉइडवाला आला होता. खरं म्हणजे डिझायनर दुसऱ्या टीमच्या डेमोत अडकली म्हणून तो आला. त्याने काकांचा फोन हातात घेऊन बघितला: धूळ जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला, काचेला तडा, अक्षराचा आकार सेटिंगमध्ये सगळ्यात मोठा. आमच्या फिग्मात अक्षराचा आकार कायम एकच. परत येताना स्वारगेटच्या सिग्नलला तो म्हणाला, "सेव्ह काढूनच टाकतो. मोठा नंबर पॅड, ‘पुढचं’ एवढंच बटण. सर्व्हरला नंतर पाठवू की सगळं एकदम." संध्याकाळपर्यंत त्याने कच्चं करून दाखवलं. त्यासाठी कुणी एक ओळ कागदावर लिहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी डिझायनरने त्यात दोन गोष्टी घातल्या. दिवाणजी मधूनच काटेवाल्याला "मागचं किती?" असं विचारत होते, हे मी सहज बोलता बोलता तिला सांगितलं होतं. त्यावरून तिने शेवटची तीन वजनं मोठ्या अक्षरात कायम दिसत ठेवली, आणि चुकलेल्या वजनावर बोट ठेवलं की ते तिथल्या तिथे बदलता येईल अशी सोय केली. हे त्या पोराच्या डोक्यात आलं नसतं. तिला तिथे नेलं नाही याची मला अजून हळहळ आहे.

त्याच स्क्रीनची आणखी एक गोष्ट. जुन्या पट्टीच्या नमुन्यात शेतकऱ्याच्या रकमेतून हमाली, तोलाई, मोटारभाडं आणि आडत वजा होत होती. आम्ही ते जसंच्या तसं उतरवलं. पट्टी तपासायला आली तेव्हा आमच्या क्यूएतली मुलगी म्हणाली, "यात आडत कशी? आमच्या घरच्या पट्टीत नसते." तिचं घर पुरंदरचं, अंजिराची बाग आहे. २०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. आमचा नमुना त्याच्या आधीचा होता. म्हणजे ही माहिती आमच्याच टीममध्ये, तीन खुर्च्या पलीकडे बसलेली होती. पण क्यूएला डिझाइन दाखवायचं ते सर्वांत शेवटी, हा आमचा शिरस्ता.

जी औषधं लागू पडली नाहीत

ॲजाइलमध्ये, म्हणजे छोट्या फेऱ्यांत सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीत, डिझायनरची जागा कुठे, हा घोळ मुळातच आहे. २००१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ जणांनी बसून ॲजाइलचा जो जाहीरनामा लिहिला, ती सगळी सॉफ्टवेअर बांधणारी मंडळी होती. स्क्रम या ॲजाइलच्या एका प्रकाराच्या २०२०च्या मार्गदर्शिकेतही प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर एवढ्याच जबाबदाऱ्या आहेत. डिझायनर ‘डेव्हलपर’ या शब्दात गृहीत धरलेला. कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात त्याला कुठे बसवायचं ते ज्याने त्याने आपल्या अकलेने ठरवायचं.

आमची पहिली अक्कल म्हणजे डिझायनरला एक स्प्रिंट पुढे ठेवणं. हा उपाय जवळपास प्रत्येक जण सुचवतो, आणि त्याची वंशावळही चांगली आहे. टोरोंटोच्या ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीत डिझाइन आणि डेव्हलपमेंट असे दोन समांतर रूळ चालवत. डिझायनर पुढच्या फेरीचं काढणार, चालू फेरीत डेव्हलपरला मदत करणार आणि मागच्या फेरीचं वापरणाऱ्यांकडून तपासून घेणार. त्यावरचा २००७चा लेख आणि त्यातली आकृती खूप फिरली. पण आकृतीत रूळ वेगळे दिसत असले तरी डिझायनर आणि डेव्हलपर रोज एकमेकांशी बोलत, हेही त्याच लेखात लिहिलं होतं. आकृती फिरली, वाक्य मागे राहिलं.

आमच्याकडेही तेच झालं. डिझायनर सातव्या स्प्रिंटच्या स्क्रीन काढतेय, डेव्हलपर सहाव्याच्या शंका विचारतोय आणि पाचव्याच्या तक्रारी गाळ्यावरून येतायत. एकाच माणसाचं तळ्यात-मळ्यात. त्यात प्लॅनिंगच्या दिवशी क्लायंटने प्राधान्य बदललं की पुढे जाऊन काढलेल्या स्क्रीन सरळ माळ्यावर. नाव ॲजाइलचं, चाल धबधब्याची, म्हणजे एक टप्पा संपला की मगच दुसरा अशा जुन्या ‘वॉटरफॉल’ पद्धतीची. धबधबे तेवढे दोन-दोन आठवड्यांचे.

दुसरं औषध माझं. ‘फायनल डिझाइन जोडल्याशिवाय तिकीट स्प्रिंटमध्ये घ्यायचं नाही,’ असा नियम मी केला. मोठ्या रुबाबात केला. परिणाम: जो तो ‘रेडी नाही’ म्हणून हात झटकायला मोकळा. डेव्हलपर चित्र येईपर्यंत विचारच करेना, आणि डिझायनर अर्धवट काही दाखवायला घाबरू लागली, कारण दाखवलं की ते ‘फायनल’ धरलं जाई. तीन स्प्रिंटनंतर नियम गुपचूप मागे घेतला.

डिझायनरांचा वेगळा बोर्ड हे तिसरं, आणि सगळ्यात वाईट. डोळ्यांआड झालेलं काम कुणी मोजत नाही. डिझाइन सिस्टीम (बटणं, रंग, अक्षरं यांचा एकदाच ठरवलेला संच) म्हणाल तर ती जरूर करा, बटणं पुन्हा पुन्हा काढायचे कष्ट वाचतात. पण निर्णय झालेला नसेल तर त्या सुंदर बटणावर लिहायचं काय, हा प्रश्न उरतोच.

काय केल्यावर फरक पडला

आम्ही बोर्डवर स्क्रीनच्या आधी प्रश्न लावायला लागलो. त्याच बोर्डवर, त्याच स्प्रिंटमध्ये, बाकी तिकिटांच्या शेजारी. वजनाच्या स्क्रीनचं एक तिकीट असं होतं:

‘प्रश्न: वजन टाकताना दिवाणजी फोनकडे बघतात का? कसं कळेल: दोन गाळ्यांवर अर्धा-अर्धा तास उभं राहून. कोण जाणार: डिझायनर आणि एक डेव्हलपर. मुदत: बुधवार. उत्तर ‘नाही’ आलं तर: आकडा घेतला गेला हे आवाजाने किंवा फोन थरथरवून कळवायचं.’

यातली शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. उत्तर काय आलं तर आपण काय करणार, हे आधी लिहायचं. ते लिहिता येत नसेल तर तो प्रश्न फक्त उत्सुकतेचा आहे, त्यासाठी कुणी पहाटे उठायची गरज नाही. अशा तिकिटाला पॉइंट (काम किती मोठं याचा अंदाज) देत नाही, वेळेची मर्यादा देतो, साधारण दोन दिवस. मर्यादा संपली की जेवढं कळलं तेवढ्यावर ठरवायचं आणि पुढे जायचं. धंद्याचा प्रश्न असेल तर तिकीट पीओंच्या नावावर. पहिल्याच आठवड्यात लाल पट्ट्यांपैकी निम्म्या पीओंच्या रकान्यात गेल्या तेव्हा थोडी धुसफुस झाली. पण त्यांनाही उमगलं की इतके दिवस डिझायनर त्यांच्या वतीने शिव्या खात होती.

त्या जाण्यात डेव्हलपर असलाच पाहिजे, यावर मी हटून बसतो. ‘डेव्हलपरचा वेळ महाग असतो’ हे वाक्य मी ऐकलंय, स्वतः बोललोही आहे. पण एका पहाटेत त्या अँड्रॉइडवाल्याला जे दिसलं ते सांगायला डिझायनरला वीस पानी कागद लागला असता, आणि त्याने तो वाचलाही नसता. पाळी लावा. आमच्याकडे महिन्यातून एकदा प्रत्येकाची येते. सर्व्हरवाल्याचीही. तो नाक मुरडत गेला आणि येताना गाळ्यावर नेटवर्क कधी जातं-येतं याची नोंद करून घेऊन आला.

दुसरा बदल म्हणजे कच्च्या चित्राची बैठक. तिकीट घ्यायच्या आधी डिझायनर, एक डेव्हलपर आणि क्यूए अर्धा तास एका वहीवर बसतात. फिग्मा उघडायचं नाही, पेन्सिल चालेल. फिग्मातलं चित्र इतकं नेटकं दिसतं की त्यात खोट काढायला माणूस संकोचतो. वहीवरच्या वाकड्या चौकोनावर कुणीही बिनधास्त रेघ मारतो. तिथे विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: यादी रिकामी असेल तर काय दिसेल, नेट गेलं तर, नाव लांबलचक असेल तर, एकाच नावाचे दोन शेतकरी असतील तर, चाळीस गोण्या असतील तर. ‘तीन गोण्या, ५०, ५०, ५०’ असा नमुना आता कुणी आणत नाही. आणलाच तर बाकीचे हसतात.

मराठी मजकुराचं वेगळं सांगतो, कारण पुण्यात बसून मराठी ॲप करतानाही सगळे नमुने इंग्रजीत काढतात. इंग्रजीत ‘सेव्ह’ चार अक्षरांत बसतं. तिथे ‘पट्टी पूर्ण करा’ आलं की बटणाच्या दोन ओळी होतात. ओळीची उंची इंग्रजीच्या हिशेबाने ठेवली की ‘मूर्तींचा’ या शब्दातला वरचा रफार-अनुस्वार आणि खालचा ऊकार दोन्ही छाटले जातात. ‘कुऱ्हाडे’ आडनावातला ऱ्ह फाँट नीट जोडतो का, हे सुरुवातीलाच बघा. आमच्या एका जुन्या बिल्डमध्ये (ॲपच्या आवृत्तीत) तो सुटा पडायचा आणि दोन गाळ्यांवर लोकांनी "आमचं नाव चुकवलंय" म्हणून ॲपच बंद केलं होतं. उपाय फुकटचा आहे: फिग्मात पहिल्या दिवसापासून खरा मराठी मजकूर, खरी आडनावं, खरी गावं घाला. आकडे देवनागरी की रोमन हेही विचारून घ्या. आमच्या काकांना वहीत देवनागरी आणि फोनवर रोमन आकडे हवे होते. का, ते त्यांनाच ठाऊक. दिलं तसं.

मापांचंही तसंच. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात बोट लावायची जागा निदान ४८ डीपी (स्क्रीनवरच्या मापाचं एकक) सांगितली आहे. वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या, ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या मार्गदर्शिकेत मधल्या पातळीला किमान २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल धरले आहेत. साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या रंगांत ४.५ ला १ इतका फरक (कॉन्ट्रास्ट) हवा, ही अट आधीपासूनची. ही किमान मापं झाली. ओल्या, मातीच्या अंगठ्याला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीला त्याहून मोठं लागतं. फिकट राखाडी अक्षरं एसीत छान दिसतात, गाळ्याच्या दारातल्या उन्हात गायब होतात. हे सगळं ‘डिझाइन तपासणी’ म्हणून शेवटच्या दिवशी करायचं ठेवू नका. वहीच्या बैठकीतच बोलून घ्या आणि क्यूएच्या यादीत टाका.

वार बांधून घ्या

वापरणाऱ्यांसोबतची चाचणी ‘स्क्रीन तयार झाली की करू’ म्हटलं की होत नाही. स्क्रीन कधीच तयार नसते. आम्ही एकाआड एक गुरुवार बांधून टाकला. त्या दिवशी जे असेल ते घेऊन जायचं. चालू बिल्ड असेल तर बिल्ड, नाहीतर फोनच्या आकाराचे कागद.

माणसं किती? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेला पाच जणांचा हिशेब बहुतेकांनी ऐकलेला असतो. एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी दिसतात असं धरलं तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के उघड होतात. त्यातली ग्यानबाची मेख अशी की हे एका प्रकारच्या माणसांबद्दल आहे, आणि ते अडचणी शोधण्यापुरतं. ‘पाचपैकी चौघांना आवडलं, म्हणजे ८० टक्के लोकांना आवडेल,’ असं क्लायंटला सांगू नका. आमच्याकडे दिवाणजी आणि गाळ्याचे मालक ही दोन वेगळी माणसं. मालक फोनवर संध्याकाळी घरी बसून हिशेब बघतो. म्हणून एका गुरुवारी दिवाणजी, पुढच्या वेळी मालक. पाच मिळाले नाहीत तर तिघांवर भागवतो.

चाचणीत निघालेलं काम कुठे जातं, यावर सगळं अवलंबून आहे. आधी ते बॅकलॉगच्या (राहिलेल्या कामांच्या यादीच्या) तळाशी जाई आणि तिथेच समाधी घेई. आता आम्ही प्रत्येक स्प्रिंटमध्ये साधारण पाचवा हिस्सा मोकळा ठेवतो, गुरुवारी निघालेल्या दुरुस्त्यांसाठी. काही निघालं नाही तर जुनी कामं उपसतो. ही मोकळी जागा दर प्लॅनिंगला कुणी ना कुणी मागतोच. देऊ नका. एकदा दिली की पुढच्या वेळी ती होती हेही कुणाला आठवत नाही.

"व्हेलॉसिटी का घसरली?"

हा प्रश्न येणार. व्हेलॉसिटी म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेले पॉइंट. आमच्या मॅनेजरांनी दुसऱ्याच महिन्यात विचारला, कारण तिकडे अमेरिकेत क्लायंट तो आलेख बघतो. मी वजनाच्या स्क्रीनची तिकिटं काढून ठेवली होती. पहिल्यांदा केली तेव्हा आठ पॉइंट, मोडून पुन्हा केली तेव्हा पुन्हा आठ. आलेखात सोळा. गाळ्यावर स्क्रीन एकच. म्हणालो, "सर, यातले आठ पॉइंट म्हणजे आपण आपलीच भिंत पाडून परत बांधली, आणि दोन्ही वेळची मजुरी लावली." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे क्लायंटला असं नको सांगूस."

नाही सांगितलं. पण तेव्हापासून पुन्हा केलेल्या कामाला आम्ही वेगळं लेबल लावतो आणि ते पॉइंट वेगळे दाखवतो. तुमच्याकडे हे लेबल नसेल तर आजच लावा. वरच्यांशी बोलताना डिझाइनचं महत्त्व वगैरे सांगण्यापेक्षा हा एक आकडा जास्त काम करतो.

डिझायनर वाटलेली असेल तर

एक्सेलमध्ये आमच्या डिझायनरच्या नावापुढे ३३ टक्के लिहिलेलं असायचं. तेहतीस टक्के माणूस कधी कुणाला भेटलाय? तीन टीमचे तीन स्टँडअप, तीन ग्रूमिंग (पुढच्या तिकिटांची तयारी), तीन डेमो. ती दिवसभर मीटिंगमध्ये आणि रात्री फिग्मात. आम्ही तिन्ही लीड बसलो आणि टक्क्यांऐवजी वार वाटून घेतले. सोमवार-मंगळवार आमचे, बाकीच्यांचे बाकीचे, शुक्रवार दुपार तिची स्वतःची. आमच्या दोन दिवसांत वहीची बैठक आणि प्रश्नांची तिकिटं बसवतो. गुरुवारची चाचणी तिच्याशिवाय होते. आम्हीच जातो, नोंदी काढतो आणि सोमवारी तिच्यासमोर ठेवतो.

ती नसते त्या दिवशी डेव्हलपरने छोटे निर्णय स्वतः घ्यायचे: संदेशाचे शब्द, मोकळी जागा, कुठलं आयकॉन. घेतलेला निर्णय ‘आम्ही ठरवलं’ या यादीत एका ओळीत लिहायचा. सोमवारी ती यादीवरून नजर फिरवते. बरंचसं तसंच राहतं, काही ठिकाणी ती कपाळाला हात लावते. पण माणसाच्या पैशाला हात लागणारा कुठलाही निर्णय, म्हणजे वजन, भाव, कपात, पट्टी रद्द करणं, तिच्याशिवाय आणि पीओंशिवाय घ्यायचा नाही.

गोधडी

या सगळ्याचा एक दुष्परिणाम आहे, तो आधीच सांगून ठेवतो. तुकड्या-तुकड्याने काम करत गेलं की ॲपची गोधडी होते. प्रत्येक ठिगळ चांगलं, पण नक्षी जुळत नाही. आमच्याकडे वजनाच्या स्क्रीनवर ‘पुढचं’ उजवीकडे आणि विक्रीच्या स्क्रीनवर खाली मधोमध आलं होतं. दिवाणजींचा अंगठा रोज चुकायचा.

त्यावर आम्ही भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावली. दिवाणजींची सकाळ, गाडी लागल्यापासून गल्ला मोजेपर्यंत, डावीकडून उजवीकडे. प्रत्येक टप्प्याखाली त्या टप्प्याच्या स्क्रीनचे छापील कागद. नवं तिकीट आलं की ते या पट्टीत कुठे बसतं ते आधी दाखवायचं. जागा सापडत नसेल तर बहुतेक वेळा ते तिकीटच नको असतं. महिन्यातून एकदा सगळ्यांनी भिंतीसमोर उभं राहून डावीकडून उजवीकडे वाचत जायचं. पाठदुखी सोडली तर तोटा काही नाही.

मुळातलीच रचना बदलायची असेल तेव्हा मात्र ठिगळं लावत बसू नका. गूगल व्हेंचर्समधून आलेला पाच दिवसांचा डिझाइन स्प्रिंट त्यासाठी ठीक आहे. आम्हाला पाच दिवस कुणी देईना, तीन दिवसांत उरकला. पहिल्या दिवशीची माहिती आधीच यार्डातून आलेली होती म्हणून जमलं.

जिथे हे चालत नाही

करारातच स्क्रीनची यादी सही-शिक्क्यासह जोडलेली असेल, ठरलेल्या रकमेत ठरलेल्या स्क्रीन द्यायच्या असतील, तर वरचं बरंचसं विसरा. तिथे प्रश्नाचं उत्तर काहीही आलं तरी स्क्रीन बदलता येत नाही, मग पहाटे उठून करायचं काय? अशा कामात सुरुवातीलाच महिनाभर मागून घ्या, यार्ड असो की रुग्णालय की शाळा, तिथे जाऊन बसा आणि मग यादीवर सही करा. दर दोन आठवड्यांनी डेमो घेतला म्हणून ते ॲजाइल होत नाही आणि तसं म्हणवून घ्यायची गरजही नाही.

आणि आमचंही सगळं सुरळीत आहे असं नाही. स्प्रिंटच्या शेवटच्या दोन तासांत डिझायनरला स्क्रीन दाखवून ‘बरोबर आहे ना?’ विचारणं अजून चालू आहे. त्यावर उपाय म्हणून बिल्ड रोज दुपारी चारला तिच्या फोनवर आपोआप जाईल अशी सोय केली, तर ती म्हणाली, "तीन टीमचे तीन बिल्ड येतायत, उघडू कुठलं?" सध्या तिचे वार पाहून पाठवतो. बोर्डवरचं ‘डिझाइन पेंडिंग’ लेबल आम्ही काढून टाकलंय, त्या जागी ‘कशासाठी थांबलंय’ असा रिकामा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय तिकीट बाजूला सरकत नाही. काल त्यात सर्व्हरवाल्याने लिहिलं होतं: ‘हमालीचा दर गोणीवर की वजनावर, ते काकांना विचारायचंय. मी उद्या पाचला जातो, कुणी येतंय का?’